लग्नातला कॅमेरा ठेवावा का कपाटातला? सेकंडहँड निकॉन डी७२०० घरी आणल्यावर काय बघायचं

सेम मॉडेल, दोन बॉड्या (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा). एक सांगलीतल्या लग्नवाल्या फोटोग्राफरची, निकॉन डी७२००, शटर काउंट १ लाख १० हजाराच्या पुढं. दुसरी साताऱ्याकडच्या एका हौशी माणसाची, काउंट जेमतेम ९ हजार, बॉक्स, बिल, पट्टा सगळं जागेवर, आणि किंमत साहजिकच चढी. दोन्हीकडं बोलणं असं झालंय की पैसे द्या, आठवडाभर वापरा, नाही पटला तर परत आणा. दहातले नऊ जण काउंट बघून साताऱ्याचा ठेवणार. पण काउंट फक्त शटर किती वेळा उडालं ते सांगतो, कॅमेरा कसा ठेवला होता ते नाही सांगत, आणि आपल्या भागात खरा घोळ ठेवण्यातच असतो.

आधी काउंटचं मिटवून टाकू. कंपनीने या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलंय, म्हणजे दीड लाखाला ते बंद पडतं असं नाही, कुणाचं आधी जातं, कुणाचं दोन लाखाच्या पुढंही चालतं. निकॉनमध्ये हा आकडा जेपेगच्या आतच लिहिलेला असतो, कार्डातनं थेट कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि एक्झिफटूल नावाच्या, फोटोतली लपलेली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ही माहिती उडून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा नाहीतर स्वतःच एक क्लिक मारा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हे एवढं सोपं नाही, तिथं केबल लावून वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आता लग्नातला. याची झीज डोळ्याला दिसते, हाच त्याचा मोठा फायदा. ग्रिपचं रबर गुळगुळीत झालेलं किंवा अंगठ्यापाशी सुटलेलं, हॉट शूचा (वरती फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग गेलेला, आणि डायलच्या खाचांत पिवळं काहीतरी बसलेलं, ती हळद असते, सांगलीत लग्नाचं काम केलेल्या कॅमेऱ्याला ती नसेल तर उलट मलाच शंका येईल. दिसण्यावर जाऊ नका, काम बघा. फ्लॅश लावून सलग तीसेक फोटो काढा आणि फ्लॅश जरासा हलवून बघा, मधेच उडायचा थांबला तर हॉट शूचे कॉन्टॅक्ट गेलेत. मागची-पुढची डायल एकेक खट करत फिरवा, एका खटक्याला आकडा दोन घरं उडत असेल नाहीतर उलटा जात असेल तर डायल घाण झालीय. शटर १/८००० वर ठेवून दिवसाउजेडी आकाशाचे काही फोटो घ्या, एका बाजूला काळसर पट्टा आला तर शटरचे पडदे थकलेत आणि मग कॅमेरा सरळ परत. दोन्ही कार्ड स्लॉट वेगवेगळे वापरून बघा, लग्नवाले रोज कार्ड घालतात काढतात. बॅटरीचं तर कॅमेराच सांगतो, सेटअप मेनूत बॅटरी इन्फोमध्ये ० ते ४ असा आकडा येतो, ० म्हणजे ताजी, ४ म्हणजे संपली. लग्नवाल्याच्या बॅटऱ्या बहुतेक थकलेल्याच असतात, नवी घ्यायची हे धरूनच किंमत बोला.

हे सगळं एका दुपारी होतं.

कपाटातल्याचं तसं नाही राव. बाहेरनं नवाकोरा, स्क्रीनवरची प्लास्टिक फिल्मसुद्धा काढलेली नाही, आणि तरी आतनं काय झालंय ते चटकन कळत नाही. सातारा शहर ठीक आहे, पण कास, बामणोली, महाबळेश्वर, पाटणच्या पट्ट्यात चार महिने हवेत नुसता ओलावा, आणि बरेच हौशी लोक कास पठाराची फुलं काढून आले की कॅमेरा तसाच दमट बॅगेत घालून कपाटात टाकतात, पुढच्या सीझनपर्यंत. बुरशीला दुसरं काय पाहिजे. तिला अंधार आवडतो, दमट हवा आवडते आणि न हलणारी लेन्स आवडते.

म्हणून साताऱ्याच्या कॅमेऱ्यात लेन्स आधी, बॉडी नंतर. याच्याबरोबरची १८-१४० लेन्स काढा, मागची बाजू स्वतःकडं करा, तिथं एक बारकी दांडी दिसेल, ती बोटाने हळूच सरकवली की आतली पानं उघडतात. हे नाही केलं तर अपर्चर, म्हणजे त्या पानांमधलं उजेडाचं भोक, मिटलेलंच राहतं आणि मधली काच दिसतच नाही, बरेच जण इथंच फसतात. आता अंधाऱ्या खोलीत समोरून मोबाईलची टॉर्च तिरकी मारा. चार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, जुन्या लेन्सला ते असतातच, फोटोत येत नाहीत. पण कडेपासून आत आलेले, फांद्या फुटल्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. ती साफ करून मिळते, पण काचेवरचं कोटिंग (लेप) खाल्लेलं असेल तर डाग राहतो, उजेडासमोर फोटो पांढरट येतो.

बॉडीत सेन्सर बघायचा. अपर्चर बारीक करून एफ/१६ ला, आयएसओ १००, फोकस मुद्दाम घालवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे ठिपके आले तर ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा आणि परत काढा, ठिपके हलले-गेले तर धूळ, जागचे हलले नाहीत तर चिकटलेलं काहीतरी. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो पण फोटोत नाही असा ठिपका असेल तर त्याचं मनावर घेऊ नका. अजून एक, मेन बॅटरी दोन दिवस घालून ठेवली की आतली घड्याळाची बॅटरी चार्ज होते आणि साधारण तीन महिने पुरते. दोन दिवसांनी बॅटरी काढून रात्रभर ठेवा, सकाळी तारीख उडालेली असेल तर ती आतली बॅटरी गेलीय, पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हे होतं.

फोकस दोघांचाही तपासा. पेपर टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस, अपर्चर पूर्ण उघडं. पुढची किंवा मागची ओळ जास्त स्पष्ट आली तरी घाबरू नका, या मॉडेलला एएफ फाइन ट्यून, म्हणजे मेनूतनं फोकस जुळवून घ्यायची सोय आहे, २० पर्यंत पुढं-मागं करता येतं. त्यातही बसला नाही तर मात्र नको.

माझं मत विचाराल तर लेन्स साफ निघाली तर साताऱ्याचा, पण जादा किंमत काउंटसाठी नाही, त्या साफ लेन्ससाठी द्या. बुरशी निघाली तर सांगलीचा, फक्त बॉडी, लग्नात राबलेली लेन्स त्याच्याकडंच राहू दे. आणि तुम्ही स्वतः ऑर्डरी घेणार असाल, सीझनला पाच-दहा हजार क्लिक होणार असतील, तर १ लाख १० हजारवाला घेऊन शटर बदलायचे पैसे बाजूला ठेवावे लागतील, इथनं तो बहुतेक पुण्याला पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस तुम्ही बिनकॅमेऱ्याचे.

सांगलीच्या कॅमेऱ्यात एक गोष्ट जादा बघा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात गावभाग, मारुती रोडकडची दुकानं-घरं पाण्यात होती आणि तिथला माल नंतर वाळवून कुठं कुठं गेला कोण सांगणार. तळाचे स्क्रू टॉर्चने बघा, गंजलेत का, बॅटरीच्या खोबणीत पत्र्यावर हिरवट काही आहे का, वरच्या छोट्या डिस्प्लेच्या काचेआत वाफेचा डाग आहे का. यातलं एक जरी दिसलं तर काउंट ५०० असला तरी परत करा, आणि बॉडीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळतो का तेही त्याच वेळी बघून घ्या.