हातपंप की स्कूबाची टाकी? एअर रायफलीत हवा भरण्याचा प्रश्न

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून आमच्या कुडाळकडेही दहा मीटरच्या एअर रायफलीची चौकशी करणारे पालक भेटू लागलेत. ही रायफल तिच्या सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालते. रायफल कुठली घ्यावी हे प्रशिक्षक सांगतात. घरी हवा कशानं भरायची, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. लेकीसाठी मी आधी स्कूबाची, म्हणजे पाणबुडे पाठीवर बांधतात ती हवेची टाकी घेतली, दीड वर्षानं दांडा दाबून हवा भरायचा हातपंप. दोन्हींबद्दल माझ्या अनुभवापुरतं सांगतो.

टाकीचं सुख मोठं आहे, ते नाकारणार नाही. रायफलीचा सिलिंडर अडॅप्टरवर फिरवायचा, टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, मिनिटभरात काटा 200 बारवर (बार हे दाबाचं माप). घाई केली तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, एवढंच सांभाळायचं. टाकी घेताना तिचा व्हॉल्व्ह क्लँपचा (वरून पकड कसायचा) आहे की डिनचा (आट्यांत फिरवून बसवायचा) हे बघून घ्या. माझी क्लँपची निघाली, अडॅप्टर डिनचा, मग मधल्या कन्व्हर्टरसाठी तीन आठवडे थांबलो.

पण माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणानं. माझी टाकी 11 लिटरची, रायफलीचा सिलिंडर 200 घनसेंटिमीटरच्या आसपास. शंभरवर आलेला सिलिंडर दोनशेपर्यंत भरला की टाकी पावणेदोन बारनं उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं. रोज एक भरणी धरा: विसाव्या दिवशी टाकीच 170 वर आलेली असते, आणि टाकीत आहे त्याहून जास्त दाब रायफलीत जाणार कुठून? टाकी हवेनं भरलेली दिसते आणि भरणी मात्र रोज तोकडी होत जाते. मग पंधरा किलोचं ते धूड गाडीत घालून मालवण गाठायचं. तिथल्या डायव्हिंगवाल्यांकडे कॉम्प्रेसर असतो, ते आपुलकीनं भरूनही देतात. मात्र मे संपत आला की डायव्हिंग बंद होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत, आणि कॉम्प्रेसरही झाकून ठेवतात. नेमके तेच महिने आमच्या स्पर्धांच्या तयारीचे. जुलैत टाकी 140 वर, स्पर्धा दहा दिवसांवर. भर पावसात घाट चढून कोल्हापूरला गेलो, टाकी भरून रात्री परत आलो. लेक गाडीत टाकीला टेकून झोपली होती. त्याच आठवड्यात पंप मागवला.

पंपाला कष्ट आहेत. आमच्या पंपानं 100 वरून 200 ला न्यायला नव्वदेक हापसे लागतात. शेवटचे तीस हापसे दंडाच्या जोरावर होतच नाहीत. हात सरळ ठेवून, गुडघे वाकवून अंगाचं वजन दांड्यावर टाकायचं, खाली पोचल्यावर क्षणभर थांबायचं, मग पूर्ण वर. अर्धवट हापसे मारले तर पंप नुसता तापतो. लेकीचं वजन 36 किलो. दीडशेच्या पुढे ती दांड्यावर लोंबकळते आणि दांडा हलत नाही, म्हणून वरचा टप्पा माझा. नेमबाजानं स्वतः पंप मारून लगेच लेनवर उभं राहू नये. छाती धडधडत असते, पुढची पंधरा-वीस मिनिटं रायफल स्थिर राहत नाही. आम्ही आदल्या रात्री भरतो.

पावसाळ्यात पंपाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. आमच्याकडच्या जुलैच्या हवेत एका भरणीमागे दहा-एक थेंब पाणी सहज असतं, आणि हवा दाबली की ते सुटं होतं. म्हणून तीस-चाळीस हापशांनंतर थांबायचं, ब्लीड स्क्रू उघडून दाब सोडायचा, पंप गार होऊ द्यायचा. स्क्रूपुढे तळहात धरला तर थंड, ओलसर फवारा लागतो. तो रायफलीत गेला असता. पंपाला सुकवणीचं फिल्टर असेल तर त्यातले सिलिका जेलचे दाणे रंग बदलताच बदला.

आणि हे दोघांनाही लागू: वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन कधीही भरू नका, आणि पंपाला किंवा जोडाला साधं तेल-ग्रीस लावू नका, फक्त सिलिकॉन ग्रीस. एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीखही बघा, बहुतेकांची दहा वर्षांची असते.

बारा महिने चालणारा कॉम्प्रेसर अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल, किंवा घरात दोन-तीन मुलं रायफल चालवत असतील, तर टाकीच बरी, मी आग्रह धरणार नाही. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनीही पंपाच्या वाटेला जाऊ नये. एका मुलाची रायफल असेल आणि तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असाल, तर मात्र माझं मत पंपाकडे झुकतं. त्या जुलैनंतर हवेसाठी आमचा एकही सराव बुडालेला नाही. टाकी आता पडवीत उभी असते, पाहुणी रायफल आली तर उपयोगी पडते.

पंप घ्याल तेव्हा त्याच्याबरोबर सीलचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच घेऊन ठेवा, आणि भिंतीवर एक कागद लावून दर भरणीचे हापसे लिहा. आमचे नव्वदचे एकशे पंधरा झाले तेव्हा लेकीनंच आधी ओळखलं की सील गेलंय.