प्लेस बेल, लावल : ड्राफ्टमधली पोरं घडताना बघायची जागा

मॉन्ट्रियलच्या आसपास राहून बर्फावरच्या हॉकीच्या वादापासून लांब राहता येत नाही. मी ज्या पाळणाघरात काम करते तिथे मुलांना न्यायला येणारे आईबाप, माझ्या मुलाच्या टीमचे पालक, मेट्रोत समोर बसलेला अनोळखी माणूस, सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. यंदा कुणाला घेतलं, त्याच्याऐवजी कुणाला घ्यायला हवं होतं, आणि घेतलेला पोरगा पुढे चालणार का. मीही या वादात हिरिरीने पडते. पण गेले तीन हिवाळे आम्ही शेजारच्या लावल शहरात, प्लेस बेल स्टेडियममध्ये जाऊन लावल रॉकेट या संघाचे सामने बघतोय आणि त्यानंतर माझी मतं बनायची पद्धतच बदलली. इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात मुलांना घेऊन कुठे जावं हा प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनएचएल ही इथली बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग, तिच्यात ३२ संघ आहेत. दर उन्हाळ्यात ते साधारण अठरा वर्षांची पोरं पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्यांत. हा ड्राफ्ट. निवडलेल्यांपैकी एखाददुसराच त्याच वर्षी मोठ्या संघात खेळतो. बाकीचे ज्युनियर लीगमध्ये, कॉलेजात किंवा युरोपात परत जातात, आणि विशीत आले की संघाच्या हाताखालच्या संघात येतात. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा असा संघ म्हणजे लावल रॉकेट. हे नाव कॅनेडियन्सच्या मॉरिस ‘रॉकेट’ रिशारच्या आठवणीत ठेवलंय. हंगामात ५० सामन्यांत ५० गोल करणारा तो पहिला खेळाडू, १९४४-४५मध्ये. लावलचे सामने एएचएल या एनएचएलच्या खालच्या पायरीच्या लीगमध्ये होतात. हंगामात ७२ सामने, त्यातले ३६ घरी, म्हणजे प्लेस बेलमध्ये.

हे स्टेडियम २०१७मध्ये उघडलं. सुमारे १०,००० माणसं मावतात. कॅनेडियन्स जिथे खेळतात त्या मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरच्या निम्म्याहून लहान, आणि तेच त्याचं खरं बलस्थान. खालच्या रांगांत बसलं की पोरांचे चेहरे दिसतात. काचेवर खांदा आदळल्याचा आवाज पोटात जाणवतो. बर्फावर ब्लेड आडवी घासून कुणी थांबला की उडणारा पांढरा भुगा दिसतो. गोली, म्हणजे गोलरक्षक, आपल्या डिफेन्समनला, म्हणजे बचाव करणाऱ्याला, ओरडून काय सांगतो तेही मधेच ऐकू येतं. बेल सेंटरच्या एका तिकिटाच्या पैशांत आमचं तिघांचं इथे भागतं.

आता मुद्द्याकडे येते. आमच्या पुढच्या रांगेत एक निवृत्त बसचालक बसतात. सत्तरीच्या घरातले, जुना लाल स्वेटर, कायम एकटे. मी त्यांना ‘मस्यू’ म्हणते, फ्रेंचमध्ये महाशय. शेजारी एक लेबनीज औषधविक्रेते आणि त्यांची मुलगी. गेल्या दोन हंगामांत या चौघापाच जणांत एकच वाद शंभर वेळा झालाय : डेव्हिड रायनबाखर की मातवेई मिचकोव.

२०२३च्या ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलची पाळी पाचव्या नंबरावर होती. रशियाचा मिचकोव तेव्हा शिल्लक होता. गोल करण्यात त्याच्या तोडीची पोरं त्या वर्षी फार थोडी होती, पण रशियातला त्याचा करार २०२६पर्यंतचा होता. मॉन्ट्रियलने ऑस्ट्रियाचा रायनबाखर घेतला, उजव्या हाताने खेळणारा डिफेन्समन. सातव्या नंबरावर फिलाडेल्फियाने मिचकोवला उचललं. तो एका वर्षातच अमेरिकेत आला आणि २०२४-२५च्या पहिल्याच हंगामात त्याने २६ गोल केले, एकूण ६३ पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून). इकडे रायनबाखरचा गुडघा सप्टेंबर २०२४मध्ये सराव सामन्यात गेला. ऑपरेशन झालं आणि हंगामाचा मोठा भाग वाया गेला.

मस्यूंचं म्हणणं सरळ आहे. १९९३नंतर आपल्याकडे स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, आला नाही, गोल करणारा माणूस समोर होता आणि आपण बचाव करणारा घेतला. औषधवाल्यांचं म्हणणं असं की डिफेन्समन पिकायला वेळ लागतो, चोवीसाव्या वर्षापर्यंत बोलायचंच नाही. माझा मुलगा पंधरा वर्षांचा. तो मिचकोवच्या गोलांचे व्हिडिओ दाखवतो आणि विषय संपवतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५मध्ये, माझे बाबा खडकीहून आले. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. खडकी म्हणजे धनराज पिल्लेचं गाव. मोडक्या स्टिका जोडून तो तिथे शिकला, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. बाबांनी फॅक्टरीच्या टीमसाठी हॉकी खेळली आणि नंतर चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून बघितली. मीही कॉलेजपर्यंत लेफ्ट हाफ खेळले. बर्फावरची हॉकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मार्चमध्ये त्यांना दोन स्वेटर, मफलर घालून प्लेस बेलला नेलं. रायनबाखर तेव्हा नुकताच गुडघ्यातून बरा होऊन लावलसाठी खेळायला लागला होता.

पहिली दहा मिनिटं बाबांना पक दिसेचना. “एवढीशी काळी चकती, हिच्यामागे डोळे कुठवर पळवायचे?” मग त्यांनी पकचा नाद सोडला आणि माणसं बघायला लागले. मधल्या सुट्टीत मी कॉफी घेऊन आले तर म्हणाले, “तो मागे खेळणारा उंच पोरगा कोण गं? बॉल घ्यायला जाताना दरवेळी मान वळवतोय.”

त्यांच्या तोंडी बॉलच येत होता. पण ते काय म्हणतात ते मला लगेच कळलं, कारण खडकीत आमच्या सरांनी मला हेच घोटून घोटून शिकवलं होतं. पास तुझ्याकडे येतोय ना, तो यायच्या आधी मान वळव, अंगावर कोण येतंय ते बघ, पुढे कुणाला द्यायचं ते ठरव. आल्यावर बघायला लागलीस की गेलीस. सामन्यात तीन सत्रं असतात. दुसऱ्या सत्रात मीही फक्त तेवढंच बघत बसले. समोरचा संघ पक कोपऱ्यात भिरकावतो आणि दोन जण पाठलागाला सुटतात. रायनबाखर आपल्या गोलच्या मागे धावतो, आणि वाटेत एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, पकजवळ पोचायच्या जरा आधी पुन्हा एकदा. मग स्टिक लागते आणि पक निघून गेलेला असतो, साधा, आठदहा मीटरचा पास, सरळ आपल्या माणसाच्या स्टिकवर. टाळ्या नाहीत, काही नाही. ज्याला धडक द्यायची होती तो पोरगा रिकाम्या काचेवर आपटतो.

पाच महिने गुडघा धरून बसलेल्या माणसाचं पहिलं भय काय असतं? मागून कुणी येऊन आदळेल हे. अशा वेळी पोरं घाई करतात, पक बोर्डावर कुठेतरी मारून मोकळी होतात. दुखापतीतून परतल्यावर मीही तेच करायची. हा तसं करत नव्हता. बाबा म्हणाले, “घाबरत नाही पोरगा. पाय अजून जड आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे.” मी हे मस्यूंना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तिसऱ्या सत्रात मात्र रायनबाखर मागे वळला की ते बोटाने स्वतःच्या खांद्यावर टिचकी मारायचे आणि बाबांकडे बघायचे. बाबा मान हलवायचे. दोघांना एकमेकांची एक अक्षर भाषा येत नव्हती.

मस्यूंचं मत बदललं असं नाही. मिचकोव घ्यायला हवा होता हे ते आजही म्हणतात, आणि गोलांचा आकडा बघितला तर मलाही त्यांना खोडून काढता येत नाही. पण पोरगा वाया गेला असं ते आता म्हणत नाहीत. २०२३च्या उन्हाळ्यात या अठरा वर्षांच्या मुलाला इंटरनेटवर लोकांनी जे काही ऐकवलं ते मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. त्याने स्वतःला पाचव्या नंबरावर निवडलं नव्हतं. शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याला सलग तीन सत्रं खेळताना पाहिलं होतं?

व्हिडिओत गोल दिसतो, मान वळलेली दिसत नाही. टीव्हीचा कॅमेराही पकमागेच फिरतो. प्लेस बेलमध्ये आपण पैसे मोजतो ते यासाठी.

अर्थात इथे बसून सगळंच कळतं असं समजू नका. लेन हटसनला कॅनेडियन्सने २०२२मध्ये थेट ६२व्या नंबरावर घेतला, कारण तो बुटका. आपली उंची अजून वाढणार आहे असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र घेऊन तो पोरगा संघांकडे गेला होता! बोस्टन विद्यापीठातून तो सरळ मोठ्या संघात आला आणि २०२४-२५मध्ये ६६ पॉइंट करून सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. लावलमध्ये तो एकही सामना खेळला नाही. इव्हान डेमिडोवही असाच, रशियातून थेट मॉन्ट्रियलला. म्हणजे सगळ्यात गुणी पोरं बघायची असतील तर ती कदाचित इथे कधी येणारच नाहीत. जी येतात ती घडायची बाकी असतात. मला तीच बघायला आवडतात.

दुसरी गोष्ट, इथला चांगला खेळाडू आपला राहत नाही. मॉन्ट्रियलमध्ये कुणी जखमी झालं की इथून पोरगा उचलतात. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो त्या दिवशी वर गेलेला असतो. माझा मुलगा पूर्वी हिरमुसायचा, आता त्याच्या जागी कोण आलंय ते बघतो. जोशुआ रॉय हा पाचव्या फेरीत १५०व्या नंबरावर घेतलेला इथला क्यूबेकचाच पोरगा असा वरखाली जाताना आम्ही पाहिलाय. तो वर गेला की आमच्या रांगेत लग्नघरासारखा आनंद असतो.

आणि पहिल्या वर्षावरून निकाल लावू नये हे तर मॉन्ट्रियलकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. ७ जुलै २०२२ला ड्राफ्ट बेल सेंटरमध्येच होता आणि आम्ही वरच्या मजल्यावर होतो. आजूबाजूच्या निम्म्या लोकांना शेन राइट हवा होता. कॅनेडियन्सनी पहिल्या नंबरावर स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की घेतला आणि राइट चौथ्या नंबरापर्यंत बसून राहिला. स्लाफकोव्स्कीचे पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० पॉइंट, तोही गुडघ्याने बाहेर. मग लोक म्हणाले, चुकलं. पुढच्याच हंगामात ८२ सामने, ५० पॉइंट. राइटला सिअ‍ॅटलने मधल्या काळात आपल्या एएचएल संघात मुरू दिलं आणि तोही आता मोठ्या संघात जम बसवून आहे. दोघांनाही वेळ लागला, फक्त एकाला तो सगळ्यांसमोर घ्यावा लागला.

आता व्यवहाराचं. मेट्रोची ऑरेंज लाइन धरून शेवटच्या मॉन्मोरान्सी स्टेशनला उतरा, तिथून चालत थोडंसंच. मॉन्ट्रियल बेटावरून येत असाल तर तिकीट एबी झोनचं हवं, फक्त ए झोनचं चालत नाही. परतीचं आधीच काढून ठेवा, सामना सुटल्यावर मशिनपुढे रांग असते. बुधवारचे सामने जरा निवांत असतात, शनिवारी मुलांची गर्दी आणि ढोलताशाच्या वरताण आवाज. लहान मुलाला कान झाकायला काहीतरी न्या. आत फार गारठत नाही, पण खालच्या रांगांत तासाभराने पाय गार पडतात, जाड मोजे घालाच. शाकाहारी असाल तर पुटीन (तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि रस्सा) घेण्याआधी विचारा, वरच्या रश्शात बहुतेक वेळा मांसाचा अर्क असतो. आम्ही थालीपीठ खाऊनच निघतो.

तिकीट संघाकडूनच काढा. पहिल्या वर्षी मी घाईत एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतली. शेजारशेजारच्या जागा दाखवून एकापुढे एक दिल्या, आणि तीन ईमेल करूनही पैसे परत आले नाहीत. बारा वर्षांचा मुलगा तेव्हा दोन रांगा सोडून परक्या माणसांत बसला होता.

जागा निवडताना एक गोष्ट बघा. बहुतेक लोक लावल जिकडे दोन सत्रं गोल मारतं त्या टोकाला जागा शोधतात, गोल समोर दिसावेत म्हणून. आमची जागा उलट टोकाला आहे. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात लावलचा गोली तिकडे उभा असतो. गोलच्या मागे, जरा कोपऱ्याकडे, सहावी-सातवी रांग. पहिल्या दोन रांगांतून काचेच्या आणि पुढच्यांच्या डोक्यांच्या मध्ये दूरचं अर्धं मैदान हरवतं, सातवीतून सगळं दिसतं. त्या बाजूची तिकिटं शेवटपर्यंत शिल्लकही असतात. सामना सुरू झाला की पाच मिनिटं पक सोडून द्या आणि मागे धावणाऱ्या एकाच डिफेन्समनच्या मानेकडे बघा.