संगीत शिक्षकाने एम.ए. करावे का?

मिरजेत संगीत विशारद झाल्यावर सांगलीतील एका शाळेत काही वर्षे शिकवून मी संगीतातील एम.ए.ला प्रवेश घेतला. विद्यापीठाचे नाव देत नाही; नोकरी सांभाळून, सुट्टीतील संपर्कवर्गांना जाऊन पूर्ण करण्याचा हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम होता.

शास्त्राची बाजू उत्तम होती, विशेषतः स्वरलिपीचा, म्हणजे गाणे चिन्हांनी लिहून काढण्याचा भाग. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली, त्यामुळे त्यांनी तयार केलेली लिपी आम्हांला घरची. परंतु स्वराच्या डोक्यावरचा टिंब पलुस्कर पद्धतीत मंद्र म्हणजे खालचे सप्तक दाखवतो आणि दुसऱ्या प्रचलित, भातखंडे पद्धतीत तार म्हणजे वरचे, हे दोन्ही लिपींत एकच बंदिश लिहून काढेपर्यंत माझ्या हाताला उमगले नव्हते. रागांचे तौलनिक विवेचनही माझ्या गाण्याला उपयोगी पडले.

तक्रार आहे ती अध्यापनाविषयी. ‘संगीत शिक्षणपद्धती’ या नावाची एक अभ्यासपत्रिका होती, पण तिच्यात गुरुकुल आणि संस्थात्मक शिक्षण यांची तुलना, व्याख्या आणि इतिहास एवढेच. पाठ घ्यायचा तो सहाध्यायांसमोर. त्यांनी सहावीची मुले व्हायचे. चाळिशीतला, मिशीवाला तबलजी बोट वर करून ‘सर, कोमल म्हणजे काय?’ असे विचारू लागल्यावर सगळा वर्ग हसला, आणि परीक्षकांनी मला पूर्ण गुण दिले.

खऱ्या सहावीत मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून गात असे. मुले तीच पट्टी वरच्या सप्तकात धरत आणि अंतऱ्याला, म्हणजे गाण्याच्या वर चढणाऱ्या भागाला, अक्षरशः किंचाळत. मी त्यांना बेसूर समजत होतो. आमच्या शाळेतील प्राथमिकच्या बाईंनी एक दिवस पेटीवर मुलांच्या त्या ‘सा’च्या खालच्या काळी पाचचा षड्ज (सा) धरायला सांगितला, आणि तोच अंतरा सबंध वर्गाने सहज म्हटला. बालकांच्या आवाजाची कक्षा हा विषय चार सत्रांत एकदाही निघाला नाही.

संगीतातील एम.ए. ही विषयाची पदवी आहे, शिक्षक-प्रशिक्षणाची नव्हे, हे मला आधी कळायला हवे होते, आणि तो दोष थोडासा माझाही. गाणे व शास्त्र पक्के करायचे असेल तर हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. वर्ग सांभाळायला शिकायचे असेल, तर प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मागवून प्रत्यक्ष शाळेत जाऊन घ्यायचे पाठ त्यात किती आहेत, ते मोजावे. माझ्या वाट्याला एकही आला नाही.