चिकन सूपसाठी हॉकिन्स कॉन्ट्युरा ब्लॅक, 5 लिटर: रस्सा उत्तम, भाज्या मात्र झाकण काढून

चिकन, गाजर, फरसबी, कोबी, मका सगळं एकदम कुकरात, तीन शिट्ट्या आणि गॅस बंद. घरोघरी सूप असंच होतं. मग छातीच्या मांसाचे दोरे होतात, फरसबी शेवाळी पडते, कोबीचा वास सगळ्यावर चढतो आणि पाणी गढूळ दिसतं. यात भांड्याची चूक फार थोडी असते. कुकर हाडांमधून चव काढण्यात पटाईत आहे, भाज्या शिजवण्यात तो अडाणी आहे. ही दोन कामं वेगळी ठेवली की पाऊण-एक तासात सूप होतं आणि हॉकिन्सचा हा काळा कुकर त्यातलं पहिलं काम फार चांगलं करतो. दुसऱ्या कामासाठी त्याला नुसतं पातेलं समजायचं.

आधी भांडं. अंग हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे पृष्ठभागावर कडक संरक्षक थर चढवलेल्या अॅल्युमिनियमचं, झाकण स्टीलचं आणि आतून बसणारं. पोट फुगीर, बुडाशी गोलाई. या गोलाईचा फायदा कांदा परतताना कळतो. उभ्या भिंतीच्या कुकरात बुडाच्या कोपऱ्यात कलथा पोचत नाही आणि लसूण तिथेच करपतो. इथे कोपराच नाही. अॅनोडाइज्ड थरामुळे टोमॅटो किंवा लिंबाने भांड्याची चव सूपात उतरत नाही. साध्या अॅल्युमिनियमच्या कुकरात आंबट पदार्थ बराच वेळ राहिला तर ती उतरते.

काळ्या रंगाचं मात्र दुधारी आहे. फेस वर आला की काळ्या पार्श्वभूमीवर तो राखाडी चोथा स्वच्छ दिसतो आणि काढायला सोपा जातो. पण कांदा गुलाबी आहे की तपकिरी, हे याच काळेपणात कळत नाही. गॅसपाशी उजेड चांगला हवा, नाहीतर वासावर भरवसा ठेवायचा. पांढऱ्या, हलक्या सूपासाठी कांदा फक्त पारदर्शक व्हायला हवा. तो तांबूस झाला की सूपाला मसाल्याच्या रश्श्याची चव येते.

आतल्या झाकणाची सवय व्हावी लागते. ते तिरकं करून आत सोडायचं, सरळ करायचं आणि मग दांडा दांड्यावर अडकवायचा. बाहेरून फिरवून लावायचं झाकण वापरलेल्या माणसाला सुरुवातीला हे कटकटीचं वाटतं. पण आत दाब असेतो वाफच झाकण वर दाबून धरते, त्यामुळे घाईत कोणी ओढलं तरी ते उघडत नाही. वाफ पूर्ण जिरली की झाकण आपणच सैल होतं. सूपासारख्या पातळ पदार्थासाठी ही मोठीच सोय. उकळतं दोन लिटर पाणी अंगावर येणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता माप. 5 लिटरचा कुकर म्हणजे 5 लिटर सूप नव्हे. पातळ आणि फेसाळणारा पदार्थ कुकरच्या निम्म्यावर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे इथे सगळं मिळून अडीच लिटर. त्या हिशेबाने हाडांसकट, कातडी काढलेलं 750 ग्रॅम चिकन, 1.4 लिटर पाणी आणि नंतर पडणाऱ्या दोन-अडीच वाट्या भाज्या. चार-पाच माणसांना पुरतं. पाणी याहून जास्त घालायचा मोह आवरा. उघड्या पातेल्यात तासाभरात बरंच पाणी उडतं, कुकरात ते जवळपास सगळं आतच राहतं, शिवाय चिकनलाही पाणी सुटतं. ‘कुकरचं सूप पांचट लागतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा या वाढीव पाण्यात असतं.

चिकन कोणतं घेता यावर अर्धं सूप ठरतं. नुसते बोनलेस तुकडे आणले तर कुकर वापरण्यात अर्थच नाही. तंगड्या, पाठ, मान, पंख हे हवेत. दुकानात मागितले तर साफ केलेले पायही मिळतात. त्यातले तीन-चार टाकले की रश्श्याला दाटपणा येतो, कारण त्यांत कातडी आणि सांध्यांचा भाग जास्त, म्हणजे कोलॅजन हे प्रथिन जास्त. दाबाखाली, 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, कोलॅजनचं जिलेटिन भराभर होतं. सूप फ्रिजमध्ये ठेवल्यावर थरथरणाऱ्या जेलीसारखं गोठलं तर काम फत्ते. न गोठता पाण्यासारखंच राहिलं, तर हाडं कमी पडली किंवा पाणी जास्त झालं. प्रेशर कुकरचा मूळपुरुषही याच कामासाठी जन्मला. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेलं ‘डायजेस्टर’ हे यंत्र हाडं मऊ करण्यासाठीच होतं.

कृती अशी. कुकरात दोन चमचे तूप, एक मोठा कांदा जाडसर चिरून, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, इंचभर आलं, आठ-दहा अख्खी मिरी, एक तमालपत्र. कांदा पारदर्शक झाला की चिकन, पाव चमचा हळद आणि एक चपटा चमचा मीठ. मीठ सुरुवातीला बेताचंच, बाकीचं शेवटी चव बघून. पाणी घालून झाकण न लावता उकळी आणा आणि तीन-चार मिनिटं वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सूप गढूळ झालं म्हणतात. रक्त आणि सुटी प्रथिनं गोठून वर येतात, ती झाकणाखाली राहिली की ढवळून बारीक कणांत फुटतात आणि नंतर कितीही गाळलं तरी पूर्ण निघत नाहीत. फेस काढला नाही तर तो शिट्टीच्या नळीतही चढतो, हा आणखी एक धोका. फेस निघाल्यावर एका गाजराचे मोठे तुकडे आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या टाका. हे फक्त चवीसाठी, नंतर फेकायचं.

झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा. डाळीचं साल, तांदळाचा कण, मागच्या वेळचं तूप, काहीही अडकलेलं असू शकतं. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, लगेच गॅस अगदी बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा. ब्रॉयलरला 8 मिनिटं, गावरान कोंबडीला वयाप्रमाणे 25 ते 30.

शिट्ट्या मोजण्याची आपली पद्धत वरण-भाताला चालते, कारण डाळ थोडी जास्त शिजली तर बिघडत काही नाही. सूपाला ती चालत नाही. मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, बारीक गॅसवर वीस मिनिटांतही होणार नाहीत. कुकर किती भरलाय, बर्नर केवढा, यावर शिट्टीची गणितं बदलतात. दाब एकदा पूर्ण झाला की आतलं तापमान तेवढंच राहतं, शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर पडणं. उलट प्रत्येक शिट्टीसोबत आतलं पाणी जोरात उसळतं, चिकन हिंदकळतं आणि रस्सा पांढुरका होतो. पहिल्या शिट्टीनंतर दुसरी झालीच नाही, नुसती नळीतून फुसफुस चालू राहिली, तर आच बरोबर आहे असं समजा. या कुकराचं बूड जाड आहे, त्यामुळे इतक्या बारीक आचेवरही दाब टिकून राहतो.

गॅस बंद केल्यावर हात लावू नका. 12 ते 15 मिनिटांत वाफ आपोआप जिरते. शिट्टी उचलून वाफ काढली तर दाब एकदम पडतो आणि 100 अंशांच्या वर गेलेलं आतलं पाणी क्षणात भडभडून उकळतं. सूप नळीतून ओट्यावर उडतं, चरबी रश्श्यात मिसळून तो दुधाळ होतो आणि मांसातला रस निघून जाऊन ते चिवट लागतं. नळाखाली कुकर धरण्याचंही तेच. घाई असेल तर वेगळं काही करा, सूप करू नका.

झाकण उघडल्यावर मांसाचे तुकडे बाहेर काढून हाडं सोडवा. इथे थांबलं तरी चालतं, पण वेळ असेल तर सोडवलेली हाडं परत कुकरात टाकून आणखी 15 मिनिटं बारीक आचेवर दाबाखाली ठेवा. मांस आधीच बाहेर असल्याने ते कोरडं होत नाही आणि रश्श्याला मात्र अंग येतं. आमच्या मते सूप आणि ‘चिकन उकडलेलं पाणी’ यांत फरक पडतो तो याच पंधरा मिनिटांत. मग गाळून घ्या. घरात अळणी, म्हणजे मसाल्याविना नुसता रस्सा, प्यायची सवय असेल तर एक वाटी इथेच बाजूला काढा. वर ताजी मिरपूड, बाकी काही नको. तापातून उठलेल्या माणसाला भाज्यांपेक्षा हेच आवडतं.

भाज्यांसाठी गाळलेला रस्सा त्याच कुकरात उकळायला ठेवा, झाकण लांबच. आधी एक सेंटिमीटरचे गाजराचे तुकडे आणि मक्याचे दाणे, चार मिनिटांनी फरसबी, आणखी तीन मिनिटांनी कोबी आणि सोडवलेलं चिकन, वर दोन मिनिटं. झाकण का नको? भाज्यांमधली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत. कोंडली की हिरव्या रंगाचं हरितद्रव्य बदलतं आणि फरसबी खाकी होते. कोबीतून गंधकाचा वास सुटतो, तोही दाबाखाली जास्त. बटाटा आणि दुधी या सूपात टाकू नयेत असं आमचं मत. बटाटा फुटून रस्सा पिठूळ करतो आणि दुधी चव पिऊन बसतो.

दाट सूप हवं असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर तीन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या सूपात धार धरत ढवळा. हे पीठ कधीही बंद कुकरात घालू नका. ते खाली बसतं, बुडाला धरतं आणि घट्ट झालेल्या पाण्यातून वाफ नीट तयार होत नाही, म्हणजे शिट्टीच होत नाही आणि खाली जळत राहतं. लिंबू गॅस बंद केल्यावर, वाटीत पिळलेलं सगळ्यात बरं.

आता या कुकराच्या उण्या बाजू. तोंड पोटापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे अख्खी कोंबडी घालणार असाल तर ती लहान हवी, आणि मोठा डाव आत फिरवताना अवघडतो. एकावर एक डबे ठेवून वरण-भात-भाजी लावायची असेल तर हा कुकर त्यासाठी नाही, सरळ भिंतीचा घ्या. अॅनोडाइज्ड अंग डिशवॉशरमध्ये घालायचं नाही, तीव्र साबणाने काळा थर फिका पडतो. इंडक्शनची शेगडी असेल तर इंडक्शनवर चालणारं बूड आहे ना हे खोक्यावर वाचूनच घ्या. साधं अॅल्युमिनियमचं बूड तिथे तापत नाही.

आणि रबर. चिकनचा वास रबरात मुरतो, तो कोणत्याही कंपनीच्या कुकरात मुरतो. दुसऱ्या दिवशी त्याच कुकरात खिरीचे तांदूळ लावले की कळतं. त्याच मापाचं दुसरं रबर घेऊन ठेवा, एक सामिष पदार्थांना, एक बाकीच्यांना. रबर धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणापासून वेगळं ठेवलं तर जास्त टिकतं. ते कडक झालं, कडेने वाफ सुटायला लागली आणि पहिली शिट्टी व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागायला लागला की बदला. सेफ्टी व्हॉल्वमधला मिश्रधातू तापमान हाताबाहेर गेलं की वितळतो. तो एकदा वितळला की नवा व्हॉल्व बसवायचा, आणि तो कंपनीचाच.

परदेशातल्या मराठी स्वयंपाकघरांत इन्स्टंट पॉटसारखे विजेचे कुकर आता रुळलेत. त्यांचा दाब कमी, दर चौरस इंचाला 10 ते 12 पाउंडांच्या दरम्यान, तर आपल्या गॅसवरच्या कुकरचा 15 च्या आसपास. म्हणून वर दिलेल्या 8 मिनिटांची तिथे 10 धरा. वाफ जिरायलाही त्यात जास्त वेळ जातो, कारण भांडं बंदिस्त असतं. लावून निघून जाता येतं ही सोय खरी, पण सुरुवातीचं परतणं आणि फेस काढणं गॅसवर जितकं हाताशी असतं तितकं तिथे नसतं. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी, जिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात गावरान कोंबडी शिजवत बसणं म्हणजे संयमाची परीक्षा. तिथे कोणताही कुकर असला तरी बरा.

दोनच माणसं असतील तर 5 लिटरऐवजी 3 लिटरचा पुरतो. त्यात 400 ग्रॅम चिकन आणि 750 मिलिलिटर पाणी, वेळ तीच. उरलेलं सूप कुकरातच रात्रभर ओट्यावर ठेवू नका. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत, कोमट झालं की डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकतं. पुन्हा गरम करताना खळखळून उकळी आणा, आणि उद्यासाठीच करत असाल तर भाज्या आज घालू नका, रस्सा तेवढा ठेवा.