जुनी इंडस्ट्रियल मशीन घेताय? टाका पेचाचा, बटणाचा की डायलचा

जुनी मशीन बघायला गेलेला माणूस मोटरचा आवाज ऐकतो, तेल गळतंय का बघतो, भाव करतो. टाका लहान-मोठा कसा होतो हे त्याला मशीन घरी आल्यावर कळतं. माझं म्हणणं, आधी तेच बघा, कारण रोज हात तिथेच जाणार आहे.

सिंगर ३१-१५ ही टेलरांची मशीन. तिच्या खांबाला उभी खाच असते आणि त्या खाचेत पेच. पेच सैल करायचा, वर-खाली सरकवायचा, पुन्हा आवळायचा. बिघडण्यासारखं त्यात काही नाही आणि कुठलाही मिस्त्री ती दुरुस्त करतो. पण आकडे नसल्याने प्रत्येक वेळी चिंधीवर शिवून बघावं लागतं. रिव्हर्सही नाही, टाका पक्का करायला कापड फिरवावं लागतं. पेच नीट आवळला नाही तर हादऱ्याने सरकतो. एकदा पडद्याची लांब शिवण मी इंचाला १० टाक्यांवर सुरू केली आणि शेवटाला मोजले तर ७ भरले. सगळी उसवली. तेव्हापासून पेच आवळल्यावर अंगठ्याने एकदा ढकलून बघते.

सिंगर २८१-१ किंवा जाड कामाची १११डब्ल्यू१५५ घेतलीत, तर पाट्यावर, म्हणजे कापड ठेवायच्या सपाट भागावर, एक बटण दिसेल. मशीन पूर्ण थांबवायची, बटण हलकं दाबून धरायचं आणि हाताने चाक सावकाश फिरवायचं. एका जागी बटण खाचेत बसून आणखी आत जातं, ते बोटाला स्पष्ट कळतं. ते तसंच दाबून ठेवून चाक पुढे-मागे केलं की टाका बदलतो. चालत्या मशीनवर हे बटण कधीही दाबू नका, आतलं दुखावतं. एकदा लावलेला टाका मात्र दिवसभर हलत नाही. बॅगा, सीटकव्हर, एकसारखे शर्ट असं एकच काम असेल तर मी हीच घेईन. रिव्हर्स हिलाही नाही.

जुकीची डीडीएल-५५५ घेतलीत तर समोर डायल आणि खाली रिव्हर्सचा दांडा. आकडे मिलिमीटरमध्ये. मोठ्या टाक्यावरून लहानावर येताना दांडा थोडा दाबून मग डायल फिरवा, जोर लावू नका. ब्लाउज, फॉल, पँटची उंची कमी करणं, असं दिवसातून दहा वेळा काम बदलणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. आधी रिव्हर्स तेवढा तपासा. झिजलेल्या मशीनवर मागचे टाके पुढच्याच छिद्रांत पडत नाहीत आणि दर्शनी शिवणीवर ते लगेच दिसतं.

जुन्या सिंगरचा हिशेब इंचाला किती टाके असा, जुकीचा एक टाका किती लांब असा. २५.४ ला टाक्यांनी भागलं की मिलिमीटर मिळतात: इंचाला १२ म्हणजे साधारण २.१, १० म्हणजे २.५, ८ म्हणजे ३.२, ६ म्हणजे ४.२. ब्लाउजला इंचाला १० ते १२ ठीक. लेदरला ६-७ च्या वर जाऊ नका, जवळजवळच्या छिद्रांवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

आकडा काहीही म्हणो, कापड सांगेल ते खरं. जाड कापड ते पुढे सरकवणाऱ्या दातांवर घसरलं की टाका लहान पडतो. म्हणून दुकानात जाताना आपल्या कामाचंच कापड न्या. खडूने एक इंच आखा, तेवढ्यातले टाके मोजा, मग तेच कापड चौपदरी करून पुन्हा मोजा. दोन-तीन टाक्यांचा फरक पडला तर आधी कापड दाबून धरणाऱ्या पावलाचा दाब वाढवून बघा, मग दात झिजलेत का ते बघा.

बटणाच्या मशीनवर खाच सापडली पण टाका हलत नसेल, तर बहुतेक वेळा आत जुनं तेल सुकून चिकटलेलं असतं. केरोसीनचे थेंब सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी ताजं तेल दिलं की अशा मशीन सुटतात. भाव कमी करून घ्या, पण तेवढ्यावरून चांगली मशीन सोडू नका.