शिकवणीसाठी घेतलेला वायरचा माऊस: काही महिन्यांच्या वापरानंतर

डीपीआय (म्हणजे माऊस किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), वजन, वायरची लांबी हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही. नवशिक्यांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी मी एकाच मॉडेलचे हे माऊस घेतले. टेबलावर निवृत्त आजोबा, पन्नाशीतल्या काकू आणि टॅबलेटवर वाढलेली शाळकरी मुलं अशी सगळी एकत्र बसतात. आता लिहायला बसलोय, कारण एका माऊसचं डावं बटण बिघडलं आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत काकूंनी ठरवूनही टाकलं होतं की हे काम आपल्याच्यानं होणार नाही.

काकू फोल्डरवर एकदाच क्लिक करायच्या, तरी फोल्डर उघडायचं. फाइल ओढत न्यायला लागल्या की ती मध्येच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडायची. "माझं बोटच थरथरतं हो," असं म्हणून त्यांनी माऊस बाजूला ठेवला. बोट अगदी स्थिर होतं. बटणाखाली एक बारीक स्विच असतो, त्यात धातूची स्प्रिंगसारखी पट्टी असते. संपर्क झिजला की ही पट्टी एका दाबात दोनदा टेकते आणि कॉम्प्युटर ते दोन क्लिक समजतो. सरावलेला माणूस पहिला संशय माऊसवर घेतो, नवशिक्या मात्र स्वतःवर. मला राग आला तो याचाच.

तपासणं सोपं आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या खिडकीत, डबल क्लिकच्या वेगाशेजारी एक छोटं फोल्डर दिसतं. त्यावर एकेकदा, मध्ये थांबून क्लिक करत राहा. एका क्लिकला ते उघडलं किंवा मिटलं, तर दोष बटणाचा. शिकवणाऱ्यांनी अधूनमधून हे करून बघावंच.

डबल क्लिक हा तसाही शिकवणीतला सगळ्यात छळणारा भाग आहे. विंडोज दोन क्लिकमध्ये मुळात ५०० मिलिसेकंदांची मुभा देतं, म्हणजे अर्धा सेकंद. वयस्क हाताला ती पुरत नाही. निवडलेल्या फाइलच्या नावावर सावकाश दुसरा क्लिक पडला की नाव बदलायची चौकट उघडते, आणि आजोबा घाबरून कळा दाबतात तोवर फाइलचं नाव भलतंच झालेलं असतं. म्हणून मी वेगाची पट्टी 'स्लो'कडे सरकवतो आणि "एकदा क्लिक करा, मग एंटर दाबा" असंच शिकवतो. सोबत, चुकलेलं मागे घ्यायला कंट्रोल आणि झेड एकत्र दाबणं, तेही पहिल्याच दिवशी. मुलांची तऱ्हा उलटी. एखादी गोष्ट उघडायला क्षणभर उशीर झाला की ती टपाटप क्लिक करत सुटतात आणि एकाच्या जागी चार खिडक्या उघडतात. पण फाइल नेमकी कुठे सेव्ह झाली, हे विचारलं की मुलं गप्प होतात. ऑफिसात कागदांच्या फाइली सांभाळलेले आजोबा तिथे पटकन पुढे जातात, आणि नातवाच्या वयाच्या मुलाला समजावूनही सांगतात. शिकवणीतला हा भाग मला फार आवडतो.

ड्रॅगसाठी, म्हणजे बटण दाबून ओढत नेण्याच्या सरावासाठी, सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ अजूनही उत्तम. तो १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत आला आणि पत्ते ओढता ओढता असंख्य लोकांचा माऊसवर हात बसला. काकूंनाही मी दुसऱ्या माऊसवर तोच लावून दिला. एकही पत्ता मध्ये सुटला नाही, तेव्हा कुठे त्यांचा स्वतःवर विश्वास बसला.

एका बाबतीत माझं मत बदललं. सुरुवातीला या माऊसचा कट्ट आवाज मला खटकत होता, आवाज न करणारे घ्यायला हवे होते असं वाटायचं. आता उलट वाटतं. ऐकू कमी येणाऱ्यालाही बोटाखाली तो ठोका जाणवतो, क्लिक झाला की नाही हे स्क्रीनकडे न बघता कळतं. आणि पलीकडे बसून मलाही मोजता येतं की एकदा दाबलं की दोनदा.

सेवा केंद्राबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. वॉरंटी शिल्लक होती. आधी "ड्रायव्हर (माऊस चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाका" म्हणाले, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघायला सांगितलं, मग बिल मागितलं, शेवटी व्हिडिओ. बटणावरचं बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत दाखवल्यावर बदलून मिळाला. तोवर सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं करून तो मी स्वतः वापरला. शिकणाऱ्याच्या हाती असा माऊस देऊ नका, "डावं बटण दाबा" म्हटलं की सगळा गोंधळ. बाकी वायर, चाक, सेन्सर ठणठणीत असताना एका पट्टीपायी अख्खी वस्तू टाकून द्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

पाचपैकी तीन तारे. पुढच्या खेपेला ऑप्टिकल स्विचचा माऊस बघणार आहे. त्यात धातूचा संपर्कच नसतो, क्लिक प्रकाशाच्या किरणावर ओळखला जातो. मात्र त्याचं बटण फार हलकं नको, नाहीतर नुसतं बोट टेकलं तरी क्लिक होईल आणि काकू पुन्हा बोटालाच दोष देतील.