लाइपझिगच्या सूतगिरणीची फेरी: विटा बघितल्या, बायका राहिल्या

माझी आजी लालबागला गिरणीत, वाइंडिंग खात्यात होती. त्यामुळे जर्मनीत, लाइपझिगला राहायला आल्यावर इथली जुनी सूतगिरणी बघायची हे ठरलेलंच होतं. दोन तासांची फेरी, १५ युरो, माहिती इंग्रजीत. फेरी घडवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, पण वेळेला एकदम चोख.

गिरणी १८८४ ची. भरभराटीच्या काळात सूत कातणाऱ्या २,४०,००० चात्या फिरायच्या. लाल विटांच्या इमारती अजून जशाच्या तशा उभ्या आहेत. आपल्याकडे तिथे टॉवर आणि मॉल आले, म्हणून बघताना पोटात कालवलं. आत आता गॅलऱ्या आणि चित्रकारांचे स्टुडिओ. त्यात गाइडने तास घालवला.

आणि गिरणी बंद कशी पडली? ‘१९९० नंतर बाजार खुला झाला, परवडेना.’ संपलं! अहो, पण इथे राबत कोण होतं? बहुतेक बायका. १९९० पर्यंत लाइपझिग समाजवादी पूर्व जर्मनीत होतं. तिथे दहातल्या नऊ बायका नोकरीत नाहीतर शिक्षणात असायच्या. पोरांना पाळणाघर, शिवाय महिन्याला एक भरपगारी सुट्टी, खास घरकामासाठी. (ती जवळजवळ बायकांनाच. नवऱ्याने झाडू धरावा असं समाजवादालाही वाटलं नाही.) जुलै १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, इथेही आलं, पूर्वेचा माल महागला, गिऱ्हाईक गेलं आणि कापडाचे कारखाने धडाधड बसले. पुढची काही वर्षं तिथल्या बेकारांत पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या. गाइडकडे यातलं अवाक्षर नाही.

आमच्या गटात सत्तरीच्या एक बाई होत्या, इथेच काम केलेल्या. तुटलेला धागा कसा जोडायचा ते त्यांनी मला दाखवलं, हातात धागा नसताना. अंगठा आणि तर्जनीची तीच चिमटी, तोच झटका. आजी फुलांची वेणी करतानासुद्धा अशीच गाठ मारायची.

तीन तारे. दगडी फरशी उंचसखल आहे, बूट घालून जा. आणि अशा कुणी बाई भेटल्या तर गाइडला सोडून त्यांच्यासोबत चाला. मी विचारलं, गिरणी बंद पडल्यावर काय केलंत? त्यांचा नवरा इथेच फिटर. त्याला सहा महिन्यांत पश्चिमेला काम लागलं. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा. ‘आणि तुम्ही?’

‘पोरं लहान होती,’ म्हणाल्या. ‘मुलाखतीत तेवढंच विचारायचे.’